हाडांचे सर

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे गाव विचारतात, मग आडनाव, मग कुणाचे कोण. सर हाड विचारायचे. "कधी हाड मोडलंय का तुमचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, खानावळीच्या मालकाला, तपासणीला आलेल्या सरकारी साहेबालासुद्धा. माणूस आधी दचकायचा, आणि पुढच्या मिनिटाला बाही वर करून किंवा पँटचा पाय दुमडून दाखवायला लागायचा. कुणी नारळाच्या झाडावरून पडलेला असायचा, कुणी बैलाच्या शिंगानं उडालेला. मोडलेलं हाड ही जवळजवळ प्रत्येकाकडची सांगण्यासारखी गोष्ट असते, हे मला सरांमुळे कळलं.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. हाडं राहत. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे "डाव्या मनगटाचे". बँकेतल्या बाई म्हणजे "बरगडी". आम्हा लॅबमधल्या मुलींची मात्र गावं त्यांनी धरली होती. मी "माणगाव". माझ्या आधीची एक "म्हसळा" होती, ती लग्न होऊन गेली तरी तिची खुर्ची म्हसळाच राहिली.

मुलाखतीला मी सगळी तयारी करून गेले होते. एम.एस्सी. नुकती झाली होती, फाईल छातीशी धरली होती. सरांनी फाईल उघडली नाही. हाड विचारलं. मी म्हटलं, शाळेत लंगडी खेळताना उजवा हात मोडला होता, कोपराच्या खाली.

"नेमकं कुठं?"

मी हात दाखवला.

"दाबून बघा. जागा सापडते का."

मी दाबत राहिले. समोर दोन माणसं आणखी बसली होती, मला अवघडल्यासारखं झालं. जागा सापडेना. लहानपणी प्लास्टरमध्ये खाजवायला आईची विणकामाची सुई घालायचे ते आठवत होतं, पण हाड कुठं मोडलं होतं ते बोटांना लागत नव्हतं.

"नाही ना सापडत?" सर खूश झाले. "कातडीला कापलं की वण राहतो. जन्मभर. हाडाला नाही राहत. ते पहिल्यासारखं होतं, मोडलं होतं हे विसरूनच जातं. हे त्याला कसं जमतं, एवढंच आपल्याला इथं बघायचंय. सोमवारी या."

ती नोकरी मला अशी लागली.

लॅब श्रीवर्धनच्या रस्त्याला होती, एका संस्थेच्या कॉलेजच्या मागं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली की समुद्राचं वारं यायचं, म्हणून ती कधी उघडायची नाही. त्या खाऱ्या वाऱ्यानं कुलुपांपासून स्टुलाच्या पायांपर्यंत सगळं गंजायचं, आणि पावसाळ्यात बुरशीशी मारामारी. आतल्या खोलीत इन्क्युबेटर, म्हणजे पेशींना अंगाइतकी ऊब देणारं कपाट. त्यात प्लास्टिकच्या चपट्या प्लेटा, प्रत्येक प्लेटमध्ये ओळीनं लहान लहान खळगे (आम्ही त्यांना घरं म्हणायचो), आणि खळग्यांच्या तळाशी, गुलाबी पोषक द्रवाखाली, हाड बांधणाऱ्या पेशी.

सर त्यांना गवंडी म्हणायचे. "गवंडी कामावर आले का गं, माणगाव?" असं सकाळी विचारत. शरीरात हाड पाडणाऱ्याही पेशी असतात, दोघांचं काम जन्मभर चालू असतं, एक पाडतो, दुसरा बांधतो. आमच्याकडे फक्त बांधणारे. त्यांच्या द्रवात एखादं रसायन किंवा झाडपाल्याचा अर्क घालायचा आणि बघायचं, की गवंडी जोमानं बांधतायत, आळसावतायत की मरतायत. दोन-तीन आठवड्यांनी खळग्यात क्षार साठायला लागतो. त्यावर एक लाल रंग ओतून धुतला की जिथं क्षार बसला तिथं लाल राहतं. जितकं लाल तितकं बांधकाम. काम ऐकायला सोपं आहे. करायला लागलं की कळतं.

पहिला आठवडा सरांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. फक्त मायक्रोस्कोपमधून बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. मी बघितलं, म्हटलं, "छान दिसतायत सर."

"छान हे दिसत नाही. दिसतं ते सांग."

मग मी म्हटलं, लांबट आहेत, टोकं निमुळती आहेत, काही ठिकाणी एकमेकींना खेटून एकाच दिशेला कललेल्या आहेत, वाऱ्यानं भात कलावं तशा. सर म्हणाले, "आता नोकरीवर आलीस."

त्यांचं दुसरं एक वेड होतं, आणि ते हाडांपेक्षा त्रासदायक होतं. कुठल्याही गोष्टीचं कुणी कौतुक केलं की ते विचारायचे, "हे नसतं तर?" आणि नुसतं विचारून थांबायचे नाहीत. कॉलेजच्या कॅन्टीनमधला चहा आल्यामुळे चांगला लागतो असं सगळे म्हणत. सरांनी एक दिवस बिनआल्याचा करायला लावला, दुसऱ्या दिवशी बिनसाखरेचा, तिसऱ्या दिवशी आलं-साखर दोन्ही घालून बिनपत्तीचा. कॅन्टीनवाला वैतागून म्हणाला, "सर, उद्या कप नको का देऊ?" सर म्हणाले, "कप राहू दे, त्याच्याशिवाय पिता येणार नाही." त्यात त्यांना विनोद वाटला नव्हता.

एकदा लॅबमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उतरवून ठेवलं. घड्याळामुळे मुलं वेळेवर येतात असं प्राचार्य म्हणाले होते. महिना गेला, आम्ही यायचो तेव्हाच येत राहिलो. मग त्यांनी घड्याळ परत लावलं. का, विचारलं तर म्हणाले, भिंतीवर पांढरा गोल दिसतो, तो बरा दिसत नाही.

प्लेटमध्येही तेच. सगळ्या खळग्यांत पेशी घालायच्या, पण शेवटची ओळ मोकळी ठेवायची. त्या ओळीत द्रव घालायचा, अर्क घालायचा, सगळं काही करायचं, फक्त पेशी नाहीत. मला ते माल वाया घालवणं वाटायचं. दर दोन दिवसांनी रिकाम्या घरांचा द्रव बदलताना माझ्या मनात येई, हे म्हणजे कुणी राहत नाही त्या घरात रोज झाडून रांगोळी घालणं. पण सरांना तसं कोण बोलणार.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे मोठी बहीण, अक्का. ती दिवेआगरला राहायची. नारळ-पोफळीची वाडी, पुढं पर्यटकांसाठी दोन खोल्या. सर दर शनिवारी तिच्याकडे जायचे आणि सोमवारी डब्यातून घावनं किंवा फणसाची सांदणं, उन्हाळ्यात आमरस, असं काही आम्हाला आणायचे. अक्का त्यांच्याशी वर्गातल्या मुलाशी बोलावं तशी बोलायची. जगात ते एकट्या तिला घाबरत.

मोठं चक्रीवादळ आलं त्या वर्षी तिची अर्धी वाडी आडवी झाली. पोफळी तर काडीपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. पुढं किती तरी महिने ती खोडं आवरत होती, आणि तशाच एका खोडाला अडखळून पडली. नडगीचं हाड मोडलं. माणगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि वयाकडे बघून सांगितलं, वेळ लागेल. अक्कानं प्लास्टरबरोबर आणखी एक उपाय चालवला. वाडीच्या कुंपणावर कांडवेल होती, चौकोनी कांड्यांची, मोडलेल्या हाडावर देतात ती. जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे ती विहिरीच्या पाण्यात उकळायची, चौथाई, म्हणजे चौथा हिस्सा पाणी उरेपर्यंत आटवायची आणि तो काढा प्यायचा. डॉक्टरांच्या अंदाजाच्या बऱ्याच आधी तिचं हाड जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दोनदा बघितला म्हणे.

झालं. दिवेआगरात अक्काचा काढा प्रसिद्ध झाला. तिच्याकडे उतरलेले पर्यटक बाटल्या भरून नेऊ लागले. ही गोष्ट आमच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. ट्रकच्या धंद्यातून वर आलेला, उत्तर रायगडातला. वादळात लॅबचे पत्रे उडाले तेव्हा स्वतः उभं राहून नवे घालून घेतले होते. त्यांच्या ओळखीच्या एका कंपनीला काढ्याची पावडर करून विकायची होती. त्यांनी सरांना बोलावलं.

"सर, तुमच्याच घरचं औषध हाय. तुम्हीच तपासा. दोन वर्षांचा खर्च कंपनी करील."

"एका पायावरून काही ठरत नाही," सर म्हणाले. "अक्काला दोन पाय आहेत, पण मोडला एकच."

"म्हणून तर म्हणतो, तपासा."

हे सरांना पटलं. तपासायला त्यांची कधीच ना नसे.

काढा आम्ही वैद्यांच्या पद्धतीनंच केला. सरांचा आग्रह होता की लोक पितात तोच तपासायचा. अक्का कॅन भरून विहिरीचं पाणी पाठवायची, वेल पाठवायची. आम्ही उकळून, आटवून, त्याची कोरडी पूड करून थोडी थोडी प्लेटांत घालायचो. मी गवंड्यांची इतकी काळजी कधी घेतली नसेल. हा माझा पहिला स्वतःचा प्रयोग होता. चांगला निघाला तर माझ्या नावानं शोधनिबंध, पुढं पीएच.डी.चा रस्ता. घरी माणगावला भाऊ टाइल्सचं दुकान टाकायच्या बेतात होता, हिशेबाला घरचं माणूस हवं म्हणत होता. मला त्या दुकानात बसायचं नव्हतं.

रंग ओतायचा दिवस आला. मी रंग घातला, थांबले, धुतला, आणि प्लेट खिडकीकडे धरली. लालभडक. साध्या द्रवातल्या पेशी फिकट गुलाबी, आणि काढ्यातल्या कुंकवासारख्या. मी मोबाईलवर तिचा फोटो काढला, ऑफिसात पळत जाऊन दाखवून आले. मी सरांना हाक मारली.

सर आले, चष्मा कपाळावर चढवला, प्लेट डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे वा."

मला वाटलं, जिंकलं.

"हे लाल कुठून आलं?" ते म्हणाले. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

रिकामी ओळही तितकीच लाल होती. तिथं एकही पेशी नव्हती, आणि बांधकाम मात्र जोरात.

मी म्हटलं, माझ्याकडून रंग नीट धुतला गेला नसेल. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मी म्हटलं, ओळ चुकली असेल, पेशी तिथं सांडल्या असतील. मायक्रोस्कोपखाली बघितलं. पेशी नव्हत्याच, बारीक दाणेदार काहीतरी होतं. मला रडू येत होतं आणि सर मात्र लग्नघरातल्यासारखे हिंडत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा तसाच राहिला. मला म्हणाले, "तुला कळतंय का माणगाव, आपल्याला न विचारता काहीतरी झालंय."

मग त्यांचं वगळणं सुरू झालं. हा द्रव नसता तर? तो रंग नसता तर? एकेक गोष्ट काढून टाकून प्लेटा लावल्या. प्रत्येक वेळी थांबायचं, रंगवायचं. मी कंटाळले होते. शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "कांडवेल नसती तर?"

"सर, मग उरतं काय? नुसतं पाणी."

"तेच उकळ."

अक्काच्या विहिरीचं पाणी मी उकळलं, चौथाई केलं, वेलीचा तुकडाही न घालता. पूड केली. आणि ती पूड घातलेली रिकामी घरं लाल झाली. उलट लॅबमधल्या शुद्ध पाण्यात वेल उकळून घातली, तेव्हा रिकामी घरं स्वच्छ राहिली, आणि पेशींची घरं, नेहमीसारखी, फिकट गुलाबी.

अक्काच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. समुद्र जवळ, आणि वादळानंतर ते जास्तच मचूळ झालेलं. आटवलं की त्यातले क्षार दाट व्हायचे, आमच्या द्रवातल्या फॉस्फेटशी जुळून साका तळाला बसायचा, आणि आमचा लाल रंग त्या साक्याला धरायचा. गवंड्यांनी भिंत बांधलीच नव्हती. वरून कुणीतरी चुना सांडला होता.

अध्यक्षांनी तोवर सभेत सांगून टाकलं होतं की निकाल उत्तम आहेत. कारण पहिल्या प्लेटचा फोटो मीच आनंदाच्या भरात ऑफिसात दाखवला होता, आणि तो त्यांच्या मोबाईलवर पोचला होता. पाकिटाचा नमुनाही तयार होता. त्यावर अक्काचा फोटो. हिरवं नऊवारी लुगडं, नाकात नथ, हातात कांडवेल, पायावर पाय टाकून बसलेली. अक्का त्या फोटोसाठी म्हसळ्याला जाऊन केस रंगवून आली होती.

सर मला घेऊन अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. हातात प्लेट, रुमालात गुंडाळलेली.

"सर, लाल झालं का न्हाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं."

"मग?"

"पेशी नव्हत्या तिथंही झालं."

"पण होत्या तिथं झालं ना?"

"झालं."

"मग तेवढंच लिवा की. नसलेल्याचं कशाला लिवायचं?"

सरांनी रुमाल सोडला आणि प्लेट टेबलावर ठेवली. "यातल्या कुठल्या घरांत पेशी आहेत, ते तुम्ही सांगा. तुम्ही बरोबर ओळखलंत तर मी सही करतो."

अध्यक्षांनी चष्मा लावला. प्लेट फिरवली, उलटी केली, खिडकीशी नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खरोखर शोधत होते, आणि त्यांना सापडत नव्हतं. शेवटी ते खुर्चीत बसले आणि पंख्याकडे बघत राहिले.

"कंपनीला काय सांगू?" ते म्हणाले.

"वेलीबद्दल अजून काही माहीत नाही, असं सांगा. ते खरं आहे."

"माहीत न्हाय म्हणून कोन पैसे देतो सर?"

सर खाली मान घालून प्लेट परत रुमालात बांधत होते, आणि गाठ त्यांना नीट बसेना.

बाहेर आल्यावर म्हणाले, "हे सोपं होतं. आता अक्का."

शनिवारी मला बरोबर घेऊन गेले. एकट्यानं जायचा धीर नव्हता. एसटीत त्या दिवशी त्यांनी कुणालाही हाड विचारलं नाही.

अक्का अंगणात सुपारी वाळत घालत होती. आम्हाला बघून खूश झाली, कोकम सरबत आणलं. सर ग्लास हातात धरून बसले आणि सगळं सांगितलं. जसं मला शिकवायचे तसंच, पायरी-पायरीनं, काही न गाळता. अक्का ऐकताना सुपाऱ्या हातानं सारख्या करत होती. मग तिचा हात थांबला.

"म्हणजे मी खोटी पडले."

"तू नाही गं. आमचं लाल खोटं निघालं."

"मी आळीभर सांगितलंय. त्या पलीकडच्या घरच्या सुनेचा हात मोडला तर रोज तांब्याभर पाजत होते तिला." तिनं सरांकडे बघितलं. "माझा पाय मग कशानं बरा झाला?"

"हाड आपलं आपण जुळतं, अक्का. डॉक्टरांनी नीट बसवलं होतं. तू पोटभर जेवत होतीस. हलली नाहीस."

"मी हलले नाही? मी?"

सरांनी ग्लास खाली ठेवला. "हो, ते खरं. तू तर सारखी उठत होतीस." आणि मग, त्यांना राहवेना, "रोज साधारण किती चालायचीस? म्हणजे हलल्यामुळेच—"

"गप बस," अक्का म्हणाली.

झाडांवरून कावळे ओरडत होते. आत पर्यटकांच्या खोलीत कुणाची तरी मुलं टीव्ही बघत होती.

"आणि वेल? तिच्यात काहीच नाही?"

"माहीत नाही. असेलही. मला खरंच माहीत नाही."

"इतकं शिकून?"

"इतकं शिकूनच एवढं कळलं, की माहीत नाही."

अक्का उठली. पाय किंचित ओढत आत गेली. बाहेर आली ती मोबाईल घेऊन, आणि आमच्या देखत तिनं अध्यक्षांना फोन लावला. "माझा फोटो काढून टाका पाकिटावरचा," ती म्हणाली. "नाही, भाऊ काही बोलला नाही. मीच सांगतेय. ज्याचं मला माहीत नाही ते माझ्या तोंडावर लावून विकू नका." फोन ठेवला आणि पुन्हा सुपारीला बसली. आमच्याकडे पाठ करून.

सर उठून विहिरीपाशी गेले. काठाला दोन्ही हात टेकून आत बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मी त्यांना डोळे पुसताना बघितलं की नाही, खात्रीनं सांगता येणार नाही. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

त्यानंतर काही महिने अक्का त्यांच्याशी फारशी बोलली नाही. ते शनिवारी जायचे, ती वाढायची, ते जेवायचे आणि यायचे. सोमवारी डबा रिकामा असायचा.

कंपनीनं अंग काढून घेतलं. अध्यक्षांनी, हे त्यांचं मोठेपण, ठरलेल्या दोन वर्षांच्या मुदतीपर्यंत लॅब चालू ठेवली. आम्ही शुद्ध पाण्यातली कांडवेल घेऊन पुन्हा मुळापासून सुरुवात केली. आणि तिथं एक गोष्ट दिसली. मात्रा जास्त दिली तर गवंडी आळसावत. पण अगदी थोडी, आम्ही आधी ज्या मात्रेकडे बघितलंही नव्हतं इतकी थोडी दिली, तर ते किंचित लवकर कामाला लागल्यासारखे वाटत. एकदा दिसलं. दुसऱ्यांदा दिसलं नाही. तिसऱ्यांदा पुन्हा दिसलं. मी सरांना इतकं आनंदी कधीच बघितलं नव्हतं. "आहे म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही," असं म्हणत ते दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचे. चौथ्यांदा बघायच्या आधी मुदत संपली. इन्क्युबेटर बंद केला तेव्हा त्याचा आवाज गेला, आणि मला पहिल्यांदा त्या खोलीतून समुद्र ऐकू आला.

सर निवृत्त होऊन दिवेआगरला अक्काकडे राहायला गेले. मला नवी मुंबईत एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी लागली. काम तेच, पेशींवर रसायनं तपासायची. पण तिथं नमुना येतो तो नंबर लावून. त्यात काय आहे, कुणाला कशासाठी हवंय, कळत नाही आणि विचारायचंही नाही. आकडे काढायचे, पाठवायचे, पुढचा नंबर. दोन-तीन वर्षांत मी थकले. भावाचं दुकान माणगावला हायवेवर जोरात चालू झालं होतं आणि तो अजून म्हणत होता, ये. मी ठरवलं की जायचं. फक्त सरांना स्वतः जाऊन सांगावं, एवढं मनात होतं.

गेले तर सरांचा डावा हात गळ्यात. वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या ओल्या कडेवरून घसरून मनगट मोडलं होतं. "अध्यक्षांचंच मनगट," मला बघून म्हणाले. आम्ही बसलो तोच अक्का पेला घेऊन आली. आता तिला काठी लागत होती. सरांनी पेला घेतला, तोंड वाकडं करून एका दमात संपवला.

ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "सर, कांडवेल?"

"हं."

"उपयोग होतोय?"

"काय माहीत. हा प्रयोग नाहीये, माणगाव. ती काठी टेकून चुलीपाशी उभी राहते आणि करते. नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

मग त्यांनी विचारलं, तिथं काय चाललंय. मी दुकानाचं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते दुसरंच. गेले काही दिवस एक गोष्ट मला खुपत होती, कुणाला सांगितली नव्हती. "सर, आमच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेटच्या एकाच कडेच्या पेशी दाट वाढतात. कडेची घरं सुकतात, बिघडतात, हे ठाऊक आहे, पण मग चारी कडा बिघडायला हव्यात. ही एकच बिघडते. सगळे म्हणतात, ती ओळ मोजू नका, सोडून द्या."

सर सरळ झाले. "कुठली कड?"

"उजवी."

"उजवी म्हणजे दाराकडची का भिंतीकडची?"

मला सांगता येईना. मी कधी तसं बघितलंच नव्हतं. सर उठले, धड हातानं अंगणातल्या वाळत घातलेल्या सुपाऱ्या ओढल्या आणि जमिनीवर ओळी लावायला लागले. ही प्लेट. हा पंखा. हे दार. ते कोण उघडतं, कुठल्या हातानं उघडतं, किती वेळ उघडं राहतं. मीही खाली बसले. प्लेट कुणी ठेवल्या ठेवल्या हलवतं का, मांडणी तिरकी आहे का, बाजूला कुठलं यंत्र थरथरतं का. अक्कानं जेवायला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मग दारात येऊन बघत राहिली आणि मला म्हणाली, "तू तरी जेवून घे गं. हा आता उठायचा नाही."

मीही उठले नाही. दुकानाचं सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

रात्री माणगावला पोचल्यावर भावाला म्हटलं, इतक्यात नाही जमायचं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, एक दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचंय.